हायलोनोमस: पोकळ बुंध्यातला प्राणी आणि आपली पाणमोट

प्रश्न एका वडिलांचा आहे. त्यांच्या मुलीकडच्या सचित्र ज्ञानकोशात पालीसारख्या प्राण्याचं चित्र आहे आणि खाली लिहिलंय, 'हायलोनोमस, जगातला पहिला सरपटणारा प्राणी'. मुलगी विचारते, मग आपणही त्याच्यापासूनच झालो का? आणि त्याचं अंडं सापडलेलं नसेल तर तो बेडकांच्या बाजूचा नव्हता हे कशावरून? शेवटी वडिलांचा स्वतःचा प्रश्न: असं काही आपल्याकडे का सापडत नाही?

मुलीला आधी सरळ उत्तर द्या. हायलोनोमस आपला पूर्वज नाही, फार फार जुना चुलता आहे. त्याची आणि आपली वाट त्याच्या जन्माआधीच वेगळी झाली होती. पण ज्या घराण्यातून या दोन वाटा फुटल्या त्याची खूण आपल्या प्रत्येकाच्या जन्मात अजून आहे. बाळंतपणात 'पाणमोट फुटली' म्हणतात, ती पाणमोट म्हणजेच ती खूण. हे पुढे नीट उलगडून सांगतो, कारण हायलोनोमसला एवढं महत्त्व का, ते त्यात आहे.

पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म दगडातून मोकळे करायचे आणि ते शिकवायचे, हे माझं गेल्या तीस वर्षांचं काम. त्यातले बरेच दिवस सूक्ष्मदर्शकाखाली सुई धरून गेले. मोठ्या डायनोसॉरच्या मांडीचं हाड उचलायला चार माणसं लागतात, पण लहान प्राण्याच्या बोटाचं हाड श्वासाने उडून जातं. अशा बारीक हाडांनी जे सांगितलं ते मला नेहमीच जास्त मोलाचं वाटत आलं आहे, म्हणून हे उत्तर थोडं लांबेल.

कॅनडाच्या पूर्व टोकाला नोव्हा स्कोशिया हा प्रांत आहे. तिथे फंडीच्या उपसागराकाठी जॉगिन्स नावाचं छोटं गाव आहे, पूर्वी कोळसा खाणींचं. या उपसागराची भरती-ओहोटी जगात सर्वांत मोठी, काही ठिकाणी पाण्याची पातळी १५ मीटरपेक्षाही जास्त चढते-उतरते. दिवसातून दोनदा एवढं पाणी आलं-गेलं की किनाऱ्याचे कडे सतत ढासळत राहतात आणि आतले नवे थर उघडे पडतात. जवळजवळ १५ किलोमीटर लांबीच्या या कड्यांमध्ये कोळशाचे पट्टे, वाळूचे खडक, चिखलाचे खडक एकावर एक तिरपे रचलेले दिसतात. आणि त्या थरांमध्ये झाडांचे बुंधे उभे आहेत. आडवे पडलेले नाहीत, जिथे रुजले तिथेच मुळांसकट उभे. २००८ साली युनेस्कोने हे कडे जागतिक वारसा म्हणून जाहीर केले.

चार्ल्स लायेल हे त्या काळचे सर्वांत मान्यवर भूशास्त्रज्ञ. १८४२ मध्ये ते जॉगिन्सला येऊन गेले होते. १८५२ मध्ये पुन्हा आले तेव्हा बरोबर विल्यम डॉसन होते. डॉसन नोव्हा स्कोशियाचेच, पिक्टू गावचे, पुढे माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाचे प्रमुख झाले. दोघे एका उभ्या बुंध्यातला दगड फोडून पाहत होते तेव्हा आत हाडं दिसली. ती एका उभयचराची निघाली, त्याचं नाव डेंड्रर्पेटॉन. झाडाच्या खोडात चार पायांच्या प्राण्यांची हाडं सापडतात हे तेव्हा पहिल्यांदाच कळलं. डॉसन मग पुन्हा पुन्हा तिथे जात राहिले. १८५९ मध्ये आणखी एका बुंध्यात त्यांना वेगळ्या घडणीची बारीक हाडं मिळाली आणि १८६० मध्ये त्यांनी त्या प्राण्याला 'हायलोनोमस लायेली' हे नाव दिलं. हायलोनोमस म्हणजे रानात राहणारा, आणि लायेली हा आपल्या गुरुतुल्य मित्राला केलेला नमस्कार.

याच १८५९ साली डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ आला. जॉगिन्सच्या कड्यांत मुळं धरलेले थर एकावर एक ६८ वेगवेगळ्या पातळ्यांवर आहेत, ही लायेल-डॉसन यांची मोजणी त्यात आली आहे. डॉसनना मात्र डार्विनचं म्हणणं शेवटपर्यंत पटलं नाही. ते श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि जीव एकातून दुसरा घडत गेला हे त्यांनी मान्य केलं नाही. तरीही ज्या हाडांवर पुढे सरीसृपांच्या, म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या, उत्क्रांतीचं पहिलं पान लिहिलं गेलं ती त्यांनीच वेचली, नोंदवली, सांभाळली. रॉयल सोसायटीचं अनुदान मिळवून त्यांनी कड्यातले बुंधे सुरुंगाने मोकळे करून तपासले. ते नमुने आजही मॅकगिलच्या रेडपाथ संग्रहालयात आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. मत काहीही असो, पुरावा जपायचा, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना डॉसनचं नाव घेऊन सांगतो.

आता ते झाडात गेले कसे?

ही झाडं आजच्या झाडांसारखी नव्हती. सिजिलॅरिया हे त्यांचं नाव, आणि आज त्यांचे हयात नातेवाईक म्हणजे जमिनीलगत वाढणाऱ्या लहानशा क्लबमॉस वनस्पती. पण तेव्हा ती उंच खांबांसारखी वाढायची. त्यांच्या खोडात कठीण लाकूड फार थोडं, आतला गर मऊ आणि बाहेरची साल मात्र जाड, सहज न कुजणारी. जॉगिन्स तेव्हा विषुववृत्ताजवळ होतं, सपाट, दलदलीचं, नद्यांच्या पुरांचं. पूर आला की गाळ बसायचा, कधी कधी काही मीटर. गाळात गळ्यापर्यंत बुडालेलं झाड मरायचं, वरचा भाग कुजून पडायचा, आतला गर कुजायचा आणि सालीचं नळकांडं जमिनीत उभं राहायचं. नव्या जमिनीच्या पातळीला त्याचं तोंड उघडं. आडाला कठडा नसावा तसं.

शंभर वर्षं सगळे असंच मानत होते की रात्री-बेरात्री प्राणी त्या खड्ड्यात पडायचे, बाहेर येता यायचं नाही, तिथेच मरायचे आणि पुढच्या पुराचा गाळ त्यांना झाकायचा. नंतर काही बुंध्यांमध्ये हाडांबरोबर लोणारी कोळसा, म्हणजे जळलेल्या लाकडाचा कोळसा, सापडल्याचं लक्षात आलं. तेव्हा दुसरं स्पष्टीकरण पुढे आलं: रानाला वणवा लागायचा, बुंधे बुडाशी जळून पोकळ व्हायचे आणि प्राणी त्या ढोलीत आसऱ्याला राहायचे. मला दुसरं स्पष्टीकरण जास्त पटतं. बोटभर जाडीचा, चपळ, नखं असलेला प्राणी खड्ड्यात पडून अडकत असेल हे खरं, पण एकाच बुंध्यात बऱ्याच प्राण्यांची हाडं, शिवाय गोगलगाई आणि सहस्रपाद मिळतात, तेव्हा ती राहती जागा असावी असंच वाटतं. अर्थात प्रत्येक झाडाची कथा एकच असायला हवी असंही नाही.

आणि हे ढोलीचं प्रकरण नुसतं मनोरंजक नाही. इतकी नाजूक हाडं उघड्यावर टिकत नाहीत. वाहत्या पाण्यात ती चुरून जातात, दलदलीच्या आम्लात विरघळतात. त्या काळातल्या कोरड्या जमिनीवर राहणाऱ्या लहान प्राण्यांबद्दल आपल्याला जे कळतं, त्यातलं बरंचसं या झाडांच्या नळकांड्यांमुळे कळतं. रान होतं म्हणून हायलोनोमस तिथे राहिला, आणि रानातलं झाड मरून पोकळ झालं म्हणून आपल्याला तो भेटला.

प्राणी कसा होता? शेपटीसह सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे अंगणातल्या सापसुरळीएवढा. काळ ३१ ते ३२ कोटी वर्षांपूर्वीचा, कार्बोनिफेरस युगाचा. पहिल्या डायनोसॉरना यायला अजून जवळजवळ ८ कोटी वर्षं होती. अंग हलकं, पाय सडपातळ, बोटं लांब. दात बारीक, सुळ्यासारखे टोकदार, पुढचे काही जरा मोठे. अशा दातांनी किडे, सहस्रपाद, लहान गोगलगाई खाल्ल्या जात असाव्यात. त्याच रानात आर्थ्रोप्ल्युरा हा दोन मीटरपर्यंत वाढणारा सहस्रपादाचा भाऊबंद फिरत होता, त्याच्या चालीचे ठसे जॉगिन्सच्या खडकात आहेत. हायलोनोमसच्या कानातलं हाड जाडजूड होतं, कवटीला टेकू देणारं. कानाचा पडदा नसावा. म्हणजे बारीक, उंच आवाज त्याला ऐकू येत नसणार. त्या रानात ना पक्षी होते ना बेडकांचं डराव डराव.

चित्र पालीसारखं आहे म्हणून त्याला पाल समजू नका. पाली, सरडे, साप यांची शाखा फार नंतरची. इटलीतल्या डोलोमाइट पर्वतातली मेगाचिरेला ही त्या शाखेच्या सर्वांत जुन्या ज्ञात सदस्यांपैकी मानली जाते, तिचं वय सुमारे २४ कोटी वर्षं. आकार सारखा दिसतो, कारण लहान अंगाने जमिनीवर किडे पकडायचे असतील तर अंगाचा तो घाट सोयीचा पडतो.

आता अंड्याचा प्रश्न. बेडकाचं अंडं पाण्यात असतं. त्याभोवती नुसता चिकट गर. आतलं पिल्लू पाण्यातूनच प्राणवायू घेतं, पाण्यातच टाकाऊ द्रव्यं सोडतं. ते अंडं उन्हात आलं की तासाभरात सुकून संपतं. ज्या प्राण्यांनी हा धागा तोडला त्यांनी पाणी अंड्याच्या आत नेलं. पिल्लाभोवती एक पडदा, त्यात पाणी, म्हणजे पिल्लाचं स्वतःचं डबकं. तीच पाणमोट. इंग्रजी नावावरून त्या पडद्याला ॲम्निऑन म्हणतात आणि तो असणाऱ्या सर्व प्राण्यांना, म्हणजे सरपटणारे, पक्षी आणि सस्तन यांना मिळून, ॲम्निओट. पाणमोटेबरोबर अशा अंड्यात आणखी तीन गोष्टी असतात. बाहेरचा एक पडदा, टाकाऊ द्रव्यांची आणि श्वासाची पिशवी, आणि बलकाची पिशवी.

या चारही आपल्यात आहेत. बाहेरच्या पडद्यापासून वारेचा मोठा भाग बनतो. टाकाऊ द्रव्यांच्या पिशवीच्या रक्तवाहिन्या नाळेत गेल्या. आणि बलकाची पिशवी? गरोदरपणाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सोनोग्राफी करतात तेव्हा डॉक्टर पडद्यावर एक बारीक गोल दाखवून 'योक सॅक दिसतेय' म्हणतात. तीच. तिच्यात बलक नाही, तरी ती तयार होते, कारण आपल्या पूर्वजांच्या अंड्यात ती होती. तुमच्या मुलीला तिच्या वेळची ती सोनोग्राफी जपून ठेवलेली असेल तर नक्की दाखवा.

पण हायलोनोमसचं अंडं कुणालाही सापडलेलं नाही. त्या काळातल्या कुठल्याच ॲम्निओटचं सापडलेलं नाही. पहिली कवचं कातड्यासारखी मऊ असणार, ती टिकत नाहीत. या घराण्यातले सर्वांत जुने ज्ञात गर्भ मेसोसॉरस या पाण्यात राहणाऱ्या सरीसृपाचे आहेत, उरुग्वेतून आलेले, सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचे. ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे हायलोनोमसनंतर तीन-चार कोटी वर्षांचे.

मग ठरवतात कसं? आपल्याकडच्या नात्यागोत्यात ही पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. दूरच्या दोन गावांतल्या दोन चुलत घराण्यांचं कुलदैवत एकच निघालं, तर ते फुटण्याआधीच्या मूळ घरातही होतं असं आपण मानतो. दोन्ही घरांनी वेगवेगळं जाऊन तेच दैवत आणलं असेल, असं आपण सहसा म्हणत नाही. कोंबडी, मगर, कासव, सरडा, माणूस या सगळ्यांत पाणमोट आहे, तर त्यांच्या सामाईक पूर्वजात ती असणारच. त्यामुळे हायलोनोमसबद्दल विचारायचा प्रश्न बदलतो. तो त्या सामाईक पूर्वजानंतर फुटलेल्या फांदीवर बसतो का? बसत असेल तर अंडं न पाहताही त्याच्या अंड्यात पाणमोट होती असं म्हणता येतं. आणि तो कुठे बसतो हे हाडं सांगतात.

पहिलं हाड घोट्याचं. जुन्या उभयचरांच्या घोट्यात अनेक सुटी लहान हाडं असतात. ॲम्निओट प्राण्यांत त्यातली काही जुळून एक भक्कम हाड होतं, ॲस्ट्रागलस. तुमच्याही घोट्यात नडगीच्या खाली ते आहे. हायलोनोमसमध्ये ते आहे. दुसरं, टाळूचं हाड. त्याच्या मागच्या कडेला आडवी, खाली उतरलेली झालर असते, आणि तिच्या आधाराने जबड्याचा एक स्नायू काम करतो. बेडूक किंवा सॅलॅमँडर जबडा झटक्याने मिटतो, पण मिटल्यावर दाबून धरायची ताकद त्याच्यात कमी असते. ही झालर आली की मिटल्या जबड्यानेही जोर लावता येतो, कठीण पाठीचा किडा फोडता येतो. तिसरं, दात. त्या काळच्या बऱ्याच मोठ्या उभयचरांच्या दातांचा आडवा छेद घेतला तर आतलं दंतद्रव्य चक्रव्यूहासारखं दुमडलेलं दिसतं. हायलोनोमसचे दात साधे. मानेचे पहिले दोन मणकेही डोकं वळवायच्या पद्धतीने घडलेले.

आणि बरगड्या. याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण पुस्तकात अंड्यालाच सगळं श्रेय मिळतं आणि बरगड्यांकडे कुणी पाहत नाही. बेडूक गळ्याने हवा फुफ्फुसात ढकलतो. तेवढ्याने प्राणवायू मिळतो, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला ते अपुरं पडतं, म्हणून बेडूक कातडीनेही तो टाकतो. त्यासाठी कातडी ओली आणि पातळ ठेवावी लागते. लांब, वळलेल्या बरगड्या छाती फुगवून हवा आत ओढू लागल्या की कातडीवरचं ते काम संपलं. मग ती जाड होऊ शकते, कोरडी राहू शकते, तिच्यावर खवले येऊ शकतात. पाण्यापासून सुटका अंड्याने केली तितकीच बरगड्यांनी केली असं माझं मत आहे. त्या कोरड्या कातडीचा थेट पुरावाही आता आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या एका चुनखडीच्या गुहेतून बोटाच्या नखाहूनही लहान असा कातडीचा तुकडा प्रसिद्ध झाला, सुमारे २८.९ कोटी वर्षांचा, मगरीच्या कातडीसारखा बारीक खडबडीत. तो कॅप्टोरायनस नावाच्या प्राण्याचा असावा, आणि रूढ मांडणीत हे घराणं हायलोनोमसच्या जवळचं धरलं जातं.

आता 'पहिला' या शब्दाकडे येऊ. माझी खरी तक्रार त्या शब्दाबद्दल आहे.

डॉसनच्या काळात उभयचर आणि सरीसृप यांच्यातली रेघच पक्की नव्हती. डेंड्रर्पेटॉनलाही आधी सरीसृपच म्हटलं गेलं. हायलोनोमसला डॉसननी 'मायक्रोसॉर' नावाच्या गटात घातलं, म्हणजे लहान सरडे, आणि त्या गटात नंतर बरेच वेगळे प्राणी भरले गेले. हा गुंता सोडवला मॅकगिलच्याच रॉबर्ट कॅरोल यांनी. १९६४ मध्ये त्यांनी जुने नमुने नव्याने तपासून हायलोनोमसचं स्थान स्पष्ट केलं. त्यानंतरच्या पाठ्यपुस्तकांत हायलोनोमस आणि त्याच्यासारखे प्राणी सगळ्या झाडाच्या बुंध्याशी काढले जायचे, त्यांच्यापासून एकीकडे सरडे-डायनोसॉर, दुसरीकडे सस्तन. तुमच्या मुलीचा 'आपण त्याच्यापासून झालो का' हा प्रश्न त्या जुन्या चित्रांतून आलेला आहे. तेव्हा सस्तनांच्या पूर्वजांनाही 'सस्तनसदृश सरीसृप' म्हणत.

आज आपण तसं म्हणत नाही. ॲम्निओट घराणं सुरुवातीलाच दोन वाटांनी गेलं. एक सरीसृप आणि पक्ष्यांची, दुसरी आपली. आपल्या बाजूची ओळख म्हणजे डोळ्यामागे कवटीत एक खिडकी, जबड्याच्या स्नायूला फुगायला जागा. कानशिलावर बोट ठेवून दात आवळले तर तिथे स्नायू उसळतो, ती जागा त्याच खिडकीचा वारसा आहे. सरडे, मगरी, पक्षी यांच्या पूर्वजांत दोन खिडक्या. हायलोनोमसच्या कवटीत एकही नाही, कवटी बंद पेटीसारखी. रूढ मांडणीत तो सरीसृपांच्या बाजूला, दोन खिडक्या येण्याआधीचा, असा बसतो.

आणि जॉगिन्सच्या त्याच बुंध्यांमधून आपल्या बाजूचेही प्राणी आलेले असावेत. कॅरोलनी १९६४ मध्येच प्रोटोक्लेप्सिड्रॉप्स हा तसा असल्याचं म्हटलं होतं. २०२० मध्ये डॉसनच्याच जुन्या संग्रहातल्या ॲसाफेस्टेरा या प्राण्याच्या कवटीचा पुन्हा अभ्यास झाला आणि तो सस्तनांच्या वाटेवरचा सर्वांत जुना ठरू शकतो असं मांडलं गेलं. दीडशे वर्षं खणात पडून असलेला नमुना नव्याने पाहिला आणि गोष्टच बदलली. याचा अर्थ हायलोनोमस रानात फिरत होता तेव्हा दोन्ही वाटांचे प्राणी शेजारी शेजारी राहत होते. फाटा त्याच्या आधीच फुटला होता. तो आपला पूर्वज नाही हे मी सुरुवातीला ठामपणे म्हटलं ते यामुळे.

मग फाटा किती आधी? स्कॉटलंडमधल्या ईस्ट कर्कटन इथे १९८० च्या दशकात एक सांगाडा सापडला, हायलोनोमसपेक्षा निदान दीड-दोन कोटी वर्षांनी जुना. त्याला लाडाने 'लिझी' म्हणू लागले, शास्त्रीय नाव वेस्टलोथियाना. काही वर्षं तोच पहिला सरीसृप म्हणून गाजला. नंतर घोटा आणि टाळू बारकाईने पाहिल्यावर तो ॲम्निओट घराण्याच्या उंबऱ्याबाहेर, जवळचा नातेवाईक ठरला. कॅनडाच्याच न्यू ब्रन्सविक प्रांतात पाच बोटांच्या पावलांचे ठसे मिळाले, ते हायलोनोमसपेक्षा किंचित जुने. आणि मे २०२५ मध्ये मोठी बातमी आली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात मॅन्सफील्डजवळ दोन हौशी शोधकांना वाळूच्या खडकाची लादी मिळाली होती, त्यावर नखांच्या खुणांसह पावलं. वय सुमारे ३५.५ कोटी वर्षं. हे ठसे सरीसृपाच्या बाजूच्या प्राण्याचे असतील तर ॲम्निओट घराण्याचा उगम साडेतीन-चार कोटी वर्षं मागे जातो.

मी त्या बाबतीत सध्या सावध आहे. आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाच्या बोटांनाही नखांसारखी टोकं असतात, त्यामुळे नख एवढ्याच पुराव्यावर घराणं ठरवताना मला अवघड वाटतं. हाड सापडलं की प्रश्न सुटेल. पण दिशा तीच आहे. उगम आपण समजत होतो त्यापेक्षा जुना निघण्याची शक्यता वाढत चालली आहे. नात्यांची मांडणीही हलते आहे. २०१७ पासून काही अभ्यासक डॉसनच्या त्या मायक्रोसॉरपैकी काहींना खरे सरीसृप मानू लागले आहेत. हे काम चालू आहे.

गावच्या जन्मनोंदणीच्या वहीत पहिलं नाव ज्याचं, तो गावात जन्मलेला पहिला माणूस नसतो. वही त्या दिवशी सुरू झाली एवढंच. हायलोनोमसची नोंद तशी आहे. त्या नोंदीची किंमत मात्र फार मोठी, कारण ती शंकेला जागा न ठेवणारी आहे: हाडं आहेत, थर ठाऊक आहे, थराचं वय मोजलेलं आहे. जनुकांमधल्या फरकांवरून दोन प्राणी कधी वेगळे झाले असतील याचा हिशेब करतात, त्यालाही अशी एखादी पक्की खुंटी लागते. 'कोंबडी आणि माणूस यांच्या वाटा निदान या तारखेआधी फुटल्या होत्या' असं म्हणायला जॉगिन्सचे प्राणी वर्षानुवर्षं वापरले गेले आहेत.

आता तुमचा स्वतःचा प्रश्न, आपल्याकडे का नाही. हायलोनोमस विषुववृत्ताच्या उबदार दलदलीत होता तेव्हा भारत गोंडवन खंडाचा भाग म्हणून दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. कार्बोनिफेरसच्या अखेरीस इथे हिमनद्या होत्या. याची खूण पाहायला हिमालयात जायची गरज नाही. चंद्रपूरकडच्या इरई गावाजवळ हिमनदीने घासून ओरखडलेला खडक आहे. त्याचं वर्णन १८७५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नोंदींत छापलं गेलं. मे महिन्यात जिथे पारा ४५ अंशांवर जातो त्या जागी बर्फ सरकत होता, हे तिथल्या मुलांना शाळेत सांगायला हवं. बल्लारपूर-वणीकडचा आपला दगडी कोळसाही जॉगिन्सच्या कोळशाचा समवयस्क नाही. तो बर्फ ओसरल्यावरचा, कार्बोनिफेरसनंतरच्या पर्मियन युगातला, ग्लोसोप्टेरिस नावाच्या वेगळ्याच झाडांचा. त्यामुळे सिजिलॅरियाच्या ढोल्या आपल्याकडे सापडायच्या नाहीत.

पण त्यानंतरचं खूप काही आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज तिथे आजही आहे, यांनी आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथल्या खडकातून एक रुंद, चपटी कवटी मिळवली. इंग्लंडचे शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचं वर्णन केलं, ब्रॅकिऑप्स. लेखाच्या शीर्षकात तिला 'सरीसृप' म्हटलं आहे, आणि ती प्रत्यक्षात उभयचराची आहे. डॉसन जॉगिन्सला ज्या गोंधळाशी झगडत होते तोच गोंधळ, त्याच दशकात, वऱ्हाडाच्या शेजारी. हायलोनोमसचं जवळचं म्हणता येईल असं आपल्याकडचं घराणं प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात मिळालं. तेलंगणातल्या कुंदारम थरांतून, पर्मियनच्या उत्तरार्धातला, कॅप्टोरायनस कुळातला सरीसृप कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या संशोधकांनी १९७० च्या दशकात नोंदवला. हेच खोरं वर गडचिरोलीत येतं. सिरोंचाकडच्या वडधमला जीवाश्म उद्यान आहे, पण तिथले खडक त्याहून बरेच अलीकडचे, डायनोसॉरांच्या काळातले.

मुलीच्या पुस्तकात त्या चित्राखाली पेन्सिलीने एवढं करा: 'पहिला' याच्या आधी 'आजवर हाडांवरून पक्का ओळखता आलेला' असं लिहा. आणि पाऊस सुरू झाला की तिला आधी डबक्याकाठच्या बेडकाजवळ बसवा, त्याचा गळा कसा सतत वरखाली होतो ते पाहू दे. मग कुंपणावरचा सरडा शोधा आणि पाठीमागून, हलकेच, त्याच्या कुशीकडे बघायला सांगा. बरगड्या फुगतात आणि बसतात.